इंग्रजी कच्चं, म्हणजे डोकं कच्चं?

पीएच.डी.च्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो, आणि तो विषयाचा नसतो. "इंग्रजी फाडफाड बोलता येत नाही, चालेल का?" विचारणाऱ्याची एम.एस्सी. चांगल्या मार्कांनी झालेली असते, नेट किंवा सेट निघालेली असते, प्रयोगशाळेत हात बसलेला असतो. तरी पॅनेलसमोर एखादं वाक्य मध्येच अडकलं की समोरच्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून पाहिलेलं असतं.

"काळजी करू नका, हळूहळू जमेल" हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. त्यात एक गोष्ट आपण न बोलता मान्य करून टाकतो, की तोपर्यंत तुम्ही थोडे कमीच आहात. म्हणून आज थोडा इतिहास बघू. ज्याची भाषा अडखळते त्याचं विज्ञानही अडखळतं, असं कधी होतं का? आणि नसेल, तर भाषा आणि बुद्धी एकाच तराजूत कधीपासून तोलली जायला लागली?

लॅटिन न येणारा कापडवाला

सतराव्या शतकातल्या युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन होती. न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ मध्ये लॅटिनमध्येच आला. त्याच काळात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात अँटनी व्हॅन लिवेनहॉक नावाचा कापडाचा व्यापारी स्वतः भिंगं तयार करून त्यांतून पाणी, दातांवरचा मळ, रक्त असं काहीबाही बघत बसायचा. विद्यापीठाचं शिक्षण नाही, लॅटिन येत नाही, इंग्रजीही नाही. येत होती ती फक्त डच.

१६७३ पासून त्याची निरीक्षणं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पत्रांनी जायला लागली. पत्रं डचमध्ये, साध्या बोलीत, मध्येच घरगुती गप्पा मारल्यासारखी. सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी ती बाजूला टाकली नाहीत. त्यांनी त्यांची भाषांतरं करून सोसायटीच्या नियतकालिकात छापली. १६७६ च्या पत्रात लिवेनहॉकनं पाण्यातल्या अतिसूक्ष्म जिवांचं वर्णन केलं, तेव्हा लंडनमध्ये विश्वास बसेना. मग १६७७ मध्ये रॉबर्ट हूकनं स्वतः सूक्ष्मदर्शक लावून सदस्यांसमोर ते जीव दाखवले. १६८० मध्ये लिवेनहॉक रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

इथे शंका घेतली गेली हे वावगं नाही, विज्ञानात ती घ्यायचीच असते. पण ती मिटवली सूक्ष्मदर्शकानं. आणि डच ते इंग्रजी हा पूल बांधायचं काम लिवेनहॉकच्या एकट्याच्या डोक्यावर नव्हतं, संस्थेनं ते अंगावर घेतलं होतं. 'हा पूल कोण बांधतो' हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

एका शब्दाचा घोळ

दुसरी गोष्ट आवर्तसारणीची. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये आपला शोधनिबंध रशियन केमिकल सोसायटीच्या नव्या नियतकालिकात रशियनमध्ये छापला. पण त्या काळात रसायनशास्त्राचा मोठा व्यवहार जर्मनमध्ये चालायचा. त्यामुळे त्या निबंधाचा छोटासा सारांश जर्मन नियतकालिकात आला. मूळ रशियनमध्ये मूलद्रव्यांचे गुणधर्म 'आवर्ती' पद्धतीनं बदलतात, असं म्हटलं होतं. जर्मन सारांशात त्या जागी 'पायरीपायरीनं' अशा अर्थाचा शब्द पडला. सगळ्या शोधाचा जीव ज्या शब्दात होता, नेमका तोच गेला.

१८७० मध्ये लोथार मायर यांचा निबंध आला, थेट जर्मनमध्ये. आवर्तितेची कल्पना आधी कोणाची, यावर पुढे दोघांत जाहीर वाद झाला आणि त्यात हा भाषांतराचा घोळ महत्त्वाचा मुद्दा ठरला. १८८२ मध्ये रॉयल सोसायटीनं डेव्ही पदक दोघांना मिळून दिलं.

आता कोणी म्हणेल का, की मेंडेलीव्हला विज्ञान कमी येत होतं? पण भाषेनं काही फरक पडत नाही असंही म्हणता येणार नाही. फरक पडला, श्रेयाच्या वादापर्यंत पडला. तेव्हा "भाषा काय, येईल आपोआप" असं म्हणून सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. भाषा कच्ची असली तर नुकसान होतं. पण ते पोचण्यातलं नुकसान असतं, समजण्यातलं नव्हे.

इंग्रजीसुद्धा एकेकाळी पुरत नव्हती

आपल्याला वाटतं विज्ञानाची भाषा इंग्रजी, आणि ती जणू कायमचीच. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला निबंध आइनस्टाइनना पाठवला, तो इंग्रजीत होता. प्रसिद्ध झाला तो 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक' या नियतकालिकात, जर्मनमध्ये. भाषांतर केलं खुद्द आइनस्टाइननी. पुढे जी 'बोस-आइनस्टाइन सांख्यिकी' म्हणून ओळखली गेली, तिचा पाया हाच निबंध. म्हणजे आज ज्या भाषेवरून आपल्याला जोखलं जातं, त्या भाषेत लिहिलेला निबंधसुद्धा तेव्हा भाषांतर करून घ्यावा लागला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या तिन्ही भाषा विज्ञानात मोठ्या होत्या. अमेरिकेतली मुलं डॉक्टरेटसाठी जर्मनीला जात. मग पहिलं महायुद्ध झालं. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल रिसर्च कौन्सिलनं जर्मनी आणि ऑस्ट्रियाला बाहेर ठेवलं. अमेरिकेत अनेक राज्यांनी शाळांमधून जर्मन शिकवण्यावर बंदी आणली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९२३ मध्ये तसा कायदा घटनाबाह्य ठरवला, पण तोवर एक पिढी जर्मनपासून तुटली होती. १९३३ नंतर नाझी राजवटीमुळे अनेक मोठे शास्त्रज्ञ जर्मनी सोडून गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पैसा, प्रयोगशाळा आणि नियतकालिकं यांचं केंद्र अमेरिका झालं. बोस यांचा निबंध छापणारं ते जर्मन नियतकालिक १९९८ मध्ये 'युरोपियन फिजिकल जर्नल'मध्ये विलीन झालं, आणि त्याची भाषा इंग्रजी आहे.

या सगळ्यात इंग्रजीच्या व्याकरणात विज्ञानाला खास सोयीचं असं काही सापडलं, म्हणून ती पुढे आली असं कुठेच दिसत नाही. युद्धं, बहिष्कार, स्थलांतर आणि पैसा, ही कारणं आहेत.

मुंबईतला वाद

आपल्याकडे इंग्रजी आली ती वेगळ्या वाटेनं, राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. पण सुरुवातीला दोन्ही वाटा खुल्या होत्या. १८२० च्या दशकात मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तकं मराठीत तयार होत होती. ६ जानेवारी १८३२ ला सुरू झालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'मध्ये एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी असायची. हेच बाळशास्त्री एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवायचे.

१८४० च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचं म्हणणं, वरचं शिक्षण इंग्रजीतूनच द्यावं. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह बोर्डातले भारतीय सदस्य म्हणत होते की ज्ञान लोकांपर्यंत न्यायचं तर ते लोकांच्या भाषेतूनच जाईल. नाना शंकरशेट इंग्रजीच्या विरोधात होते असं अजिबात नाही, त्यांना ती उत्तम येत होती. इंग्रजी शिका, पण ज्ञानाचं दार एकाच भाषेचं ठेवू नका, असा तो मुद्दा होता. प्रत्यक्षात घडलं ते असं: खालचं शिक्षण देशी भाषेत, वरचं इंग्रजीत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानं ही विभागणी पक्की केली आणि १८५७ मध्ये मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही विद्यापीठं याच पायावर उभी राहिली.

इथे एक गोष्ट घडली, ती विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना चटकन कळेल. स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये आपण आधी ब्लँक लावतो, कारण द्रावकाचं शोषण नमुन्याच्या खात्यात जायला नको. विद्यापीठाच्या परीक्षेत हा ब्लँक कधी लावलाच गेला नाही. पेपर इतिहासाचा असो की गणिताचा, उत्तर इंग्रजीतच, म्हणजे प्रत्येक पेपर हा गुपचूप इंग्रजीचाही पेपर झाला. जे रीडिंग मिळालं ते सगळंच्या सगळं विद्यार्थ्याच्या बुद्धीच्या नावावर लिहिलं गेलं.

मद्रास इलाख्यात रामानुजनच्या बाबतीत तर इंग्रजीनं थेट दार बंद केलं. १९०४ मध्ये कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात ते शिष्यवृत्तीवर दाखल झाले आणि इंग्रजी निबंधाच्या विषयात नापास झाल्यानं ती शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजातूनही ते एफ.ए. पास होऊ शकले नाहीत. सगळा दोष इंग्रजीचा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गणित सोडून बाकी विषयांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. पण ज्या व्यवस्थेनं त्यांना मोजलं, तिच्याकडे गणिताचं रीडिंग वेगळं काढायची सोय नव्हती. १९११ मध्ये त्यांचा पहिला निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला, तो संपादकांनी मांडणी स्पष्ट व्हावी म्हणून पुन्हा पुन्हा परत पाठवून सुधारून घेतल्यावर. १९१३ मध्ये त्यांचं पत्र केंब्रिजला हार्डींकडे गेलं आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुन्हा तेच, कोणीतरी पूल बांधायला मदत केली.

मराठीत लिहिलेला एक ग्रंथ

या विषयावर मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, कोकणातलं मुरूड. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, नोकरी शिक्षकाची. त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा ग्रंथ लिहिला, १८९६ मध्ये, मराठीत. वेदांगज्योतिषापासून ते एकोणिसाव्या शतकातल्या पंचांगांपर्यंतचा हा हिशेब आहे. गणित करून, मूळ ग्रंथ तपासून, कालनिर्णयाचे पुरावे देऊन केलेलं हे काम आहे, नुसता गौरव नाही.

दीक्षितांची क्षमता इंग्रज विद्वानांना माहीत नव्हती असं नाही. गुप्तकालीन शिलालेखांवर काम करणाऱ्या फ्लीट यांनी त्यांच्या गणिताची मदत घेतली. रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ केला, तोही १८९६ मध्येच. पण त्यांचं मुख्य काम मराठीत होतं. दीक्षित १८९८ मध्ये गेले. त्या ग्रंथाचा पहिला भाग इंग्रजीत आला १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये. म्हणजे पहिल्या भागाला ७३ वर्षं, दुसऱ्याला ८५.

ज्यांना मराठी येत नव्हती, त्यांना इतकी वर्षं हा ग्रंथ नीट वाचताच आला नाही. तोटा कोणाचा झाला? भाषा न येण्याची कमतरता नेहमी एकाच बाजूला मोजली जाते. दीक्षितांना वाचता न येणाऱ्या विद्वानाला कोणी 'कच्चा' म्हटलं नाही.

नोबेलच्या मंचावर

८ डिसेंबर २००८, स्टॉकहोम. भौतिकशास्त्राच्या नोबेलचं व्याख्यान द्यायला तोशिहिदे मास्कावा उभे राहिले. आपल्याला इंग्रजी बोलता येत नाही, एवढंच त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि पुढचं सगळं व्याख्यान जपानीत दिलं. पडद्यावर इंग्रजी मजकूर येत होता. तोपर्यंत ते कधी जपानबाहेरही गेले नव्हते.

ज्या कामासाठी हा सन्मान मिळाला, तो माकोतो कोबायाशी यांच्याबरोबरचा निबंध १९७३ मध्ये आला होता. तेव्हा तीनच क्वार्क माहीत होते आणि या दोघांनी निदान सहा लागतील असं गणितानं दाखवलं. निबंध इंग्रजीत होता, आणि तो छापणारं 'प्रोग्रेस ऑफ थिअरॉटिकल फिजिक्स' हे नियतकालिक युकावा यांनी १९४६ मध्ये क्योटोत सुरू केलेलं. शिकायचं, वाद घालायचे, पाटीवर गणितं सोडवायची ती जपानीत, आणि जगापुढे ठेवायचं ते इंग्रजीत, आपल्याच देशातल्या नियतकालिकातून. जपाननं पूल घरातच बांधला होता, म्हणून मास्कावांना तो एकट्यानं ओलांडावा लागला नाही.

आपल्याकडे हा सगळा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. हा खर्च किती, तेही मोजलं गेलंय. २०२३ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांना त्यांनी विचारलं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना वाचायला आणि लिहायला जास्त वेळ लागतो, काही गटांत तर वाचायला जवळपास दुप्पट. भाषेच्या कारणावरून निबंध नाकारला जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट, आणि भाषा सुधारून पाठवा असं सांगितलं जाण्याचं साडेबारा पट. अनेक जण परिषदांना जायचं किंवा तिथे बोलायचंच टाळतात. म्हणजे तुम्हाला जे तुमचं एकट्याचं दुखणं वाटतं, ते मोजता येण्यासारखं आणि जगभर पसरलेलं आहे.

मग करायचं काय?

इतिहास वाचून मुलाखत निघत नाही, हे मान्य. पण या इतिहासातून कामाच्या काही गोष्टी निघतात.

एक, तुमचा ब्लँक तुम्हीच लावा. मॉक मुलाखत घ्याल तेव्हा तोच प्रश्न आधी मराठीत सोडवा, मग इंग्रजीत. मराठीतही अडलात तर विषय पुन्हा वाचा. मराठीत सुरळीत गेलं आणि इंग्रजीत अडलं तर विषय येतोय, फक्त वाक्यं घोटायची आहेत. या दोन वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध घेऊ नका. पुष्कळ मुलं विषय पक्का असताना पुन्हा पुस्तकं उघडून बसतात, आणि काही जण विषय कच्चा असताना स्पोकन इंग्लिशचा क्लास लावतात.

दोन, संशोधनाला लागणारी इंग्रजी ही गप्पांची इंग्रजी नाही. आपल्या विषयातले दोन-तीनशे शब्द, 'आम्ही हे मोजलं, यावरून हे दिसतं, पण हे सिद्ध होत नाही' अशी वीस-पंचवीस वाक्यं, आणि आलेख समजावून सांगणं, एवढ्यावर सेमिनार निभतो. उच्चार कोणासारखे आहेत याला फारसं महत्त्व नाही. मेंडेलीव्हचा घोळ उच्चारामुळे झाला नव्हता, नेमका शब्द चुकल्यामुळे झाला होता. म्हणून आधी नेमकेपणा, मग वेग.

तीन, प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. "तुमचा प्रश्न असा आहे का?" म्हणून आपल्या शब्दांत मांडा. याला घाबरणं म्हणतात असं आपल्याला वाटतं, पण चांगला संशोधक उत्तर देण्याआधी प्रश्न तपासतोच.

चार, कच्चा मसुदा मराठीत, मिश्र भाषेत, जसा सुचेल तसा लिहा आणि गाईड किंवा सीनियरकडे देताना स्पष्ट विचारा, "आधी मुद्दे बघाल का, भाषा नंतर?" दोन्ही शेरे एकत्र आले की लाल रेघा पाहूनच आपण खचतो आणि मुद्द्यावरचा शेरा वाचायचा राहतो.

पाचवी गोष्ट उद्या तुम्ही खुर्चीच्या पलीकडे बसाल तेव्हाची. समोरचा मुलगा इंग्रजीत अडखळला तर त्याला एकदा सांगा, "मराठीत सांग." दोन मिनिटं ऐका, आणि मगच मार्क द्या.